पाठीवरच्या सह्या

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. पोरीला नाही, भावाला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा धड नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर गप्प बसलो असतो. तेवढी हिंमत माझ्यात नाही — ते पुढे कळेलच.

मी पाचवी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो. शब्द चुकले तर चालवून घ्या. बाकीचं काही चालवून घेऊ नका.

बायको जाऊन चौदा महिने झाले. शालन नाव तिचं. बदलापूरला बेलवलीत आमची दोन खोल्यांची जागा, दुसरा मजला. पोरगी एकच, रेखा, ती दिली अंबरनाथला. मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात प्रेसवर होतो, एकतीस वर्षं. शिवून आलेल्या पँटी इस्त्री करायच्या आणि घडी घालायची. एवढंच मला येतं.

शालनला नाद कबड्डीचा. गावाकडे शाळेत खेळायची, सातवीपर्यंत. लग्न झालं आणि खेळ संपला. बाईमाणसाने कुठे खेळायचं, असं कुणी म्हणालं? मीच म्हणालो असेन. आठवत नाही — आठवतं, पण आज ते सांगायला बसलो नाही.

रेखाचं लग्न झाल्यावर शालनने मॅचेस बघायला सुरुवात केली. अंबरनाथ, शहाड, उल्हासनगर, बदलापूर, जिथे मैदानात माती टाकली आणि दिवे लावले तिथे ही हजर. कंपन्यांचे संघ यायचे. टीव्हीवरच्या लीगमध्ये खेळणारी पोरं यायची, खेळावर पोट असलेली, नाव असलेली. ती मॅच संपली की गाडीकडे पळायची. अंग मोडलेलं, मातीने भरलेलं, मागे सेल्फीवाले लागलेले. आणि त्या गर्दीत आमची बाई कापड घेऊन उभी — सही द्या.

सही कोण मागतो हल्ली? मी तिला बोललो होतो, फोटो काढ ना, फोन आहे की. तर म्हणाली, "फोटो पेपरातपण येतो. त्याचा हात कुठे येतो?"

कापड मीच आणून दिलेलं. जीन्सच्या खिशाला आतून लागतं ते पांढरं, जाड. त्यावर खेळाडूने पेनाने सही करायची. घरी आली की ही चष्मा लावून त्या सहीवरून साखळीटाका घालायची, जीन्सच्या तांबूस दोऱ्याने. तो दोराही मीच आणायचो, कारखान्यातल्या रिळांवर उरलेला. एकेक सही दोन-दोन दिवस. वेलांटी कुठे वळली, रेघ कुठे तुटली, सगळं तसंच्या तसं. शेवटी चौपन्न सह्या झाल्या. मधोमध एक जागा मोकळी होती, तळहाताएवढी. ती कुणाची, ते सांगतो.

पण आधी माझं काम सांगतो. कापडावर उभ्याउभ्या सही होत नाही. कापड सरकतं, पेन अडकतं. पोरं वैतागायची. म्हणून शालनने युक्ती काढली. रेखाचं परीक्षेचं जुनं पॅड होतं, त्याला कापड चिमट्याने ताणून लावायचं आणि ते पॅड माझ्या पाठीवर ठेवायचं. मी वाकायचं, हात गुडघ्यावर. आणि ही ओरडायची, "चला टेबल, वाका!"

लोक हसायचे. खेळाडू हसायचे. हसले की सही करायचे — खरं सांगायचं तर त्याच्यावरच अर्ध्या सह्या मिळाल्या. नको म्हणणारा, गाडीत एक पाय टाकलेला माणूससुद्धा परत फिरायचा, काका वाकलेत बघून. चौपन्न सह्या माझ्या पाठीवर झाल्या. त्यातल्या एकानेही माझं तोंड बघितलं नाही. मी बघितले ते त्यांचे बूट.

मीपण हसायचो. सुरुवातीला खरं हसायचो.

मग शहाडच्या मॅचला कुणीतरी व्हिडिओ काढला. तो फिरत फिरत कारखान्यात आला. दुसऱ्या दिवशी सेठ, सिंधी माणूस, मनाचा चांगला, मला बघून म्हणाला, "अरे टेबल, चाय पी ले." झालं. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत मी टेबल. नवीन आलेल्या पोरांना माझं खरं नाव माहीत नव्हतं. घरी मी शालनला काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं का? ती थांबली असती. एका शब्दावर थांबली असती. मी बोललो नाही आणि आत साठवत बसलो. सगळं तिच्या नावावर.

आता ती मोकळी जागा. ती हेमूची. हेमू म्हणजे मुरबाड रोडच्या एका गावातला पोरगा. चढाईला गेला की समोरचे सात जण मागे सरकायचे. शालनचा जीव त्याच्यावर. आणि हा कुणालाच सही द्यायचा नाही. त्याचं कारण होतं. नवीन असताना कुणीतरी कोऱ्या कागदावर त्याची सही घेतली, चाहता आहे म्हणून, आणि तो कागद दुसऱ्या संघाचा फॉर्म करून लावला. दोन संघांत नाव, म्हणून पोराचा अख्खा हंगाम बसून गेला. तेव्हापासून फोटो काढ, मिठी मार, पण सही नाही.

"अरे, कापडावर कसला फॉर्म लावणार मी?" शालन म्हणायची.

"काकी, पुढल्या वेळी नक्की."

"मागल्या वेळीपण पुढलीच वेळ होती रे!"

"सही सोडून काय पण मागा, काकी."

"मग गुडघे दे तुझे. माझे दोन्ही गेलेत."

सगळे हसायचे. तोही हसायचा, तिच्या पाया पडायचा आणि जायचा. आणि हे सगळं होईपर्यंत मी वाकलेलाच. पाठीवर पॅड. सही झाली नाही हे मला पॅड उचललं की कळायचं. सहा वर्षं असं चाललं. दर वेळी ती घरी येऊन म्हणायची, देईल, पोराला फसवलंय कुणीतरी, विश्वास बसायला वेळ लागतो.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. सहा महिने धावपळ झाली, शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आतल्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट टाकली. मी केलं सगळं. न्हाणं, भरवणं, खालचं धुणं. शेजारीपाजारी म्हणायचे, काकांसारखा नवरा मिळायला नशीब लागतं. अजून म्हणतात. ऐकून घेतो.

दुपारची वेळ होती. मी मोरीत तिची चादर धूत होतो. बेल वाजली. तसाच गेलो, बनियनवर, कोपरापर्यंत साबण. दार उघडलं — हेमू.

चौकटीला डोकं लागेल एवढा उंच. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात मोसंब्यांची पिशवी. दोन स्पर्धांना काकी दिसल्या नाहीत म्हणून त्याने स्वतः चौकशी केली होती. अंबरनाथच्या मैदानावर पाणी वाटणाऱ्याने पत्ता दिला. आजारी आहेत एवढंच त्याला कळलेलं. म्हणाला, "शालनकाकी इथंच राहतात ना? माझी त्यांना सही द्यायची राहिलीय. पेन घेऊनच आलोय."

माझ्याकडे सरळ बघत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर उभे होतो. आणि मग तो म्हणाला, "तुम्ही कोण त्यांचे?"

तो काही वाईट बोलला का? नाही. त्याने माझी पाठच बघितली होती, तोंड कुठून ओळखणार? पण मला आतून असं काही पेटलं — मी म्हणालो, "शेजारी. चावी माझ्याकडे असते. त्या गावाला गेल्यात, बहिणीकडे. महिनाभर तरी येत नाहीत."

शालन आत जागी होती. बारा पावलांवर. मधे फक्त पडदा.

त्याचं तोंड उतरलं. मोसंबी माझ्या हातात दिली, म्हणाला, "तुमच्या पोरांना द्या, काका." मग दाराला पाठ लावून एका कागदावर नंबर लिहिला. आल्या की एक फोन करा, कुठेही असलो तरी येतो. खाली नाव लिहिलं, पूर्ण, आणि नावाखाली रेघ ओढली. जिना उतरून गेला. मी गॅलरीतून बघितलं. गाडी लगेच चालू झाली नाही. किक मारत होता. हाक मारायला भरपूर वेळ होता.

आतून आवाज आला, "कोण होतं हो?"

"गॅसवाला."

"सिलिंडर आणला?"

"उद्या आणतो म्हणाला."

तुम्ही म्हणाल, रागाच्या भरात होतं माणसाकडून. मीपण स्वतःला तेच सांगून बघितलं. पण ती त्यानंतर नऊ दिवस होती. राग नऊ दिवस राहतो का? कागद माझ्या लेंग्याच्या खिशात होता. रोज सकाळी तिला चहा चमच्याने पाजताना तो खिशात होता. एक फोन, तासाभरात पोरगा आला असता. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "हेमूची मॅच कधी आहे? तुम्ही जाऊन विचारता का एकदा? तुम्ही मागितली तर देईल." मी म्हणालो, "बघू." पाचव्या दिवशी मी तो कागद गॅसवर धरला. कागद तिच्या हाती लागला असता तर माझं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून. टेबल म्हणाली होती त्याचा राग कधीच संपला होता. आता नुसती भीती होती.

त्याचं नाव जळताना मी बघितलं. आणि मग त्याच शेगडीवर तिची पेज ठेवली.

मोसंबी तिला मीच सोलून घातली. गोड आहेत म्हणाली. कुठून आणली विचारलं, मी म्हणालो, स्टेशनवरून.

दहाव्या दिवशी सकाळी गेली.

इथे संपलं असतं तरी बरं होतं. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं. फोटोला हार. मी भिंतीशी बसलेलो, डोकं भादरलेलं. आणि हेमू आला. अंबरनाथवरूनच कळलं असणार. चपला काढल्या, आत आला, फोटोला हात जोडले. मग रेखाकडे वळला, तिने त्याला माझ्यासमोर आणलं. "हे आमचे बाबा."

त्याने माझ्याकडे बघितलं. टक्कल केलं होतं तरी ओळखलं. लगेच ओळखलं.

रेखाला काय माहीत? तिने कपाटातून ते कापड काढलं, त्याच्यापुढे उलगडलं, मधली जागा दाखवली. म्हणाली, "दादा, आई शेवटपर्यंत वाट बघत होती. आता तरी करा." त्याने खिशातून पेन काढलं. टोपण उघडलं. "ताई, मी —" एवढं बोलला आणि माझ्याकडे बघून थांबला.

खोलीत पन्नास माणसं. त्याने एक वाक्य बोलायचा अवकाश, मी उघडा पडलो असतो. मी मान खाली घातली, त्याचे पाय बघत बसलो. टोपण लावल्याचा आवाज आला.

"नको ताई," तो म्हणाला. "ज्यांना द्यायची होती त्या नाहीत."

तो जिना उतरेपर्यंतपण लोक थांबले नाहीत. मेहुणा म्हणाला, माज बघा पोराचा, मेलेल्या बाईलासुद्धा सही देईना. माझी बहीण म्हणाली, टीव्हीवर आले की माणुसकी जाते यांची. रेखा रडत होती. म्हणाली, आईने सहा वर्षं याच्या मागे काढली आणि हा साधा भेटायलापण आला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? मी म्हणालो, "जाऊ दे. मोठी माणसं अशीच असतात."

असं म्हणालो मी. त्याने मला झाकलं, आणि मी त्याला उघड्यावर टाकलं.

रेखाने ते कापड काचेच्या फ्रेममध्ये घालून अंबरनाथला हॉलमध्ये लावलंय. चौपन्न सह्या, मधे मोकळी जागा. आलेला पाहुणा विचारतोच, मधे काय राहिलं? ती सांगते. नाव घेऊन सांगते. त्याच्या गावापर्यंत ते गेलंय, असं जावई म्हणत होता.

परवाच्या रविवारी तिच्या नव्या शेजारणीने विचारलं. रेखाने पहिल्यापासून सगळं सांगितलं, आई, कापड, दोरा, आणि तो माजोरडा पोरगा. शेजारीण म्हणाली, अशांना देव बघून घेतो. मी समोर सोफ्यावर बसलो होतो. चहा संपवला, आत जाऊन कप विसळला आणि पालथा घातला.