तिसऱ्या पानावरचं इंजिन

पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला आणि त्याच्या मागोमाग लोहाऱ्याच्या कचेरीतून उर्दूही गेली. कचेरीबाहेर सतरंजी टाकून अर्ज लिहिणाऱ्या माझ्या अब्बांचं गिऱ्हाईक हळूहळू, डोळ्यांदेखत आटलं. अब्बांचा अर्ज म्हणजे काय सांगावं! त्यातल्या एका वाक्यात माणूस तुळजापूरला जाऊन परत यायचा, तरी वाक्य संपायचं नाही. निजामाच्या एका तालुकदारानं, म्हणजे कलेक्टरनंच, म्हणे नुसता सलाम वाचूनच रडत रडत मंजुरी दिली. कशाला दिली, ते त्यालाही कळलं नाही.

"नव्या तऱ्हेनं लिहायला शीक, आपली जागा वाचंल," म्हणून त्यांनी मला जिल्ह्याच्या कॉलेजात धाडलं. बी.ए.ला मी व्यापारी पत्रव्यवहार हा जोडविषय घेतला आणि त्यातच दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा आपटलो की डिग्रीही गेली अन् सतरंजीही.

आमच्या घरची रीत अशी, की मागणं काढण्याआधी समोरच्याची, त्याच्या लेकराबाळांची, सात पिढ्यांची खैर मागायची. हा विषय शिकवणारे सर पुण्याकडचे, बोलायचेसुद्धा तार केल्यागत. त्यांनी माझा पेपर भर वर्गात उघडला.

"पाण्याचं इंजिन फुटकं आलं, अशी तक्रार लिहायची होती. यात इंजिन कुठंय?"

"तिसऱ्या पानावर येतंय सर."

"तोवर ऊस वाळला की हो तुमचा!"

वर्ग असा हसला, की पत्र्यावरची कबुतरं खाली पडली. मीही हसलो. मग हौदामागं जाऊन इतका रडलो, की त्या दिवशी हॉस्टेलला पाणी भरावं लागलं नाही.

सुट्टीत अब्बांना सांगितलं. ते भडकले. "सलाम के बगैर मतलब की बात? वो तो डाका हुआ बेटा!"

पण त्या आठवड्यात त्यांच्याकडं एकच माणूस आला होता, तोही यष्टीची वेळ विचारायला. शेवटी खाली बघत म्हणाले, "ते म्हणतात तसंच लिही."

परीक्षेत हात ऐकेना. डाव्या हातानं उजवा दाबून धरला आणि लिहिलं: इंजिन फुटके आले. बदलून द्यावे. अनोळखी माणसाला उगीच थोबाडीत मारल्यागत वाटलं. पास झालो.

गावी आल्यावर अब्बांशेजारी बसलो. एका म्हाताऱ्याला वारसाची नोंद करायची होती. मी चार ओळींत अर्ज उरकला. अब्बांनी कागद उलटून पाहिला.

"बाकीचं?"

"झालं, अब्बा."

म्हातारा मात्र खूश. "लई झ्याक! न्हायतर मुन्शीजी लिवाया बसले की आमची यष्टी चुकायची." त्याच्या मागचा गडी लगेच पुढं सरकला. "मुन्शीजी, माजाबी ह्यांच्याकडनंच लिवून द्या."

अब्बा बाजूला सरकले आणि मला सतरंजीची मधली जागा दिली. मी "नको, अब्बा, नको" म्हणत होतो, आणि लिहीत होतो.