दारावरून जाणारी मिरवणूक

फिलिपिन्समधल्या त्या छोट्या गावात सुगीच्या सणाला गेले होते आणि फिरून फिरून माझे पाय दुखायला लागले होते. रस्त्यावरचं प्रत्येक घर भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी आणि तांदळाच्या पानांच्या आकाराच्या रंगीत पापड्यांनी मढवलं होतं. लिझा नावाच्या बाईने मला तिच्या पायरीवर टेकू दिलं. शेजारी खुर्चीत तिची म्हातारी आई गाढ झोपली होती.

"मिरवणुकीचा रस्ता दरवर्षी बदलतो," लिझा म्हणाली. "पुन्हा आमच्या दारावरून जाईल तेव्हा आई असेल की नाही, कोण जाणे. सगळं घर तिनेच सजवलंय. उठवलं तर चिडेल, नाही उठवलं तर जन्मभर ऐकवेल."

मला आमच्या घरचे गणपती आठवले. दुर्वांपासून प्रसादाच्या द्रोणांपर्यंत सगळं मी जागच्या जागी ठेवते, आणि आरतीला उभी राहिले की डोळ्यांवर झापड येते. मूर्ती कशी होती, ते मी नंतर फोटोत बघते.

कोपऱ्यावर बँड वाजला.

"उठवा त्यांना," मी म्हटलं.

लिझाने हलवताच म्हातारी दचकून जागी झाली. शेतकऱ्यांच्या संताची मूर्ती अगदी दारासमोर आली होती. तिने घाईघाईने छातीवर क्रूस काढला आणि लगेच भिंतीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटली.

"दोडक्यांची माळ वाकडी झालीय म्हणे," लिझाने मला सांगितलं आणि ती आईवर ओरडली, "अगं, देवाकडे बघ ना!"

मी उठले, मिरवणुकीकडे पाठ केली आणि माळ सरळ केली. तेव्हा कुठे म्हातारीने देवाकडे बघितलं.