अम्मी समुद्रावर चालली तो दिवस

काल रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घरी चिरलेल्या कांद्यावर सिरका ओतला आणि त्या आंबट वासासरशी मी थेट ब्रायटनच्या किनाऱ्यावर पोचले. खूप वर्षं झाली. माझा नवरा तेव्हा इंग्लंडात नोकरीला होता, अम्मी आमच्याकडे राहायला आली होती, आणि एका दिवसापुरती मी तिला त्या जुन्या, नावाजलेल्या गावी नेलं होतं. तिथं तळलेल्या मासळीवर सिरका शिंपडून देत, त्याचा वास सगळीकडे भरलेला.

किनाऱ्यापासून एक लांबलचक लाकडी धक्का समुद्रात गेला होता. फळ्यांच्या फटींतून खाली हिरवं पाणी उसळताना दिसे. मला अम्मीची काळजी वाटली. तिचा धाकटा भाऊ सलीम कुंडलिका नदीच्या पुरात वाहून गेला, तेव्हापासून रोह्याला जाताना पुलावर ती रिक्षात डोळे मिटून बसायची.

"परत जाऊया का?" मी विचारलं.

"नाय गो. चल, बघू तरी."

कठडा धरून, डोळे उघडे ठेवून ती टोकापर्यंत चालत गेली. पुढं जमीन नव्हतीच, नुसतं पाणी आणि उजेड.

"या अल्ला, केवढं हाय हे!" ती पुटपुटली.

समुद्र दाखवायला मी तिला आणलं होतं, पण मी तिच्याकडेच बघत राहिले. आज तिच्या वयाला पोचल्यावर कळतं, ती किती लांब चालून आली होती. वाऱ्यात उडणारी ओढणी आवरत ती कठड्यावरून वाकली आणि अंगणातून हाक मारावी तशी म्हणाली, "सलीम, बघ रे, कुठवर आले मी!"