एका रुपयाखाली पाच छर्रे

तिसऱ्या वर्षी बायकोशी ठरलं. या वेळी जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत राज्यासाठी लागणारे गुण झाले नाहीत, तर रविवार घरचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. सहा दिवस अंबडच्या कारखान्यात ड्यूटी आणि सातव्या दिवशी छर्‍याची बंदूक पाठीला लावून स्कूटरवरून क्लबात, असा माझा आठवडा होता. क्लब म्हणजे एका शाळेमागचा पत्र्याचा हॉल आणि दहा मीटरवर लावलेले पुठ्ठे. चाळिशी आली होती आणि मी दमलो होतो. पण घेतलेलं काम अर्धवट सोडणं मला जमत नाही.

बंदूक देशी, स्प्रिंगची. नळी वाकवली की स्प्रिंग दाबली जाते, घोडा ओढला की सुटते आणि पुढची हवा छर्‍याला ढकलते. परदेशी बंदूक आवाक्याबाहेर होती, म्हणून हिच्यातच सुधारणा करायच्या होत्या. डायरीच्या शेवटच्या पानावर मी यादी केली: स्प्रिंग, चामड्याचा वॉशर, घोडा, लाकडी दस्ता, छर्रे.

देवळाली कॅम्पात एक मिस्त्री होते. फौजेत हत्यारं दुरुस्त करायचे, निवृत्तीनंतर शिलाई मशीन. मी त्यांच्याकडे जास्त जोराची स्प्रिंग मागितली.

"जोर घेऊन काय करता, साहेब? रानडुक्कर मारायचंय का? दणका वाढंल अन् नेम हलंल. हाय तीच घासून देतो. अन् एका टायमाला एकच बदल करा. दोन केले तर कशानं सुधारली, कशानं बिघडली, कळायचं नाय."

हे मला पटलं. एक बदल, दोन रविवार चाचणी, मग पुढचा. वॉशर बदलला, घोडा हलका केला, दस्ता माझ्या खांद्याच्या मापाला तासून घेतला. सराफ बाजारातल्या ओळखीच्या सोनाराकडे छर्रे वजन करून सारख्या वजनाचे वेगळे काढले. तो म्हणाला, "शिसं तोलायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक."

पावसाळा सरेपर्यंत एका रुपयाच्या नाण्याखाली पाच छर्‍यांची भोकं झाकली जाऊ लागली. आधी त्याला बशी लागली असती. स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. मी यादीत शेवटची ओळ लिहिली, 'आता हात लावायचा नाही', आणि आठ दिवस खरंच लावला नाही.

दसऱ्याला आईनं कात्री, विळी, स्कूटर यांच्याबरोबर बंदुकीचीही पूजा केली. बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली होती, नळीचं तोंड वर. मी हळदीकुंकू पाहिलं, फडक्यानं पुसलं, खोळ चढवली.

स्पर्धेत सरावाची पहिलीच गोळी फटाक्यासारखी वाजली. नळीतून धूर आला. छर्रा काळ्या वर्तुळाच्या वर.

"अहो, दिवाळीला अजून दोन आठवडे आहेत," पंच म्हणाले. शेजारचे हसले.

सरावाच्या सगळ्याच गोळ्या वर गेल्या, म्हणून मी नेम खाली घेतला. मोजायच्या गोळ्या सुरू झाल्यावर आवाज हळूहळू कमी झाला आणि छर्रे खाली पडू लागले. मी नेम वर घेतला. मग मधलीच एखादी पुन्हा कडाडली. चाळीस गोळ्या मी त्या बंदुकीच्या मागे धावत होतो. शेवटी सहा गुण कमी पडले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ती उघडली आणि बोट हुंगलं.

"साहेब, हिला गोडंतेल कोणी पाजलं? नळीतून पार आत उतरलंय. दाबानं पेटत हुतं ते, अन् छर्रा वर फेकत हुतं."

घरी आल्यावर आईला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो, सोडलं की नळीत चार थेंब," ती म्हणाली. "वाकवताना करकरायची रे. मशीनला घालतो तसं घातलं. का, नीट चालली ना?"

"नीट चालली," मी म्हणालो.

बायकोनं स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. आई देवळात गेल्यावर ती म्हणाली, "तुमची चूक नव्हती. अजून एक वर्ष घ्या हवं तर. मी नाही म्हणणार नाही."

स्पर्धेआधी दोन गोळ्या मारून बघितल्या असत्या तर तेल तेव्हाच कळलं असतं. तेवढी चूक माझी होती, आणि ती पुढच्या वर्षी दुरुस्त करता आली असती. पण पुन्हा पहिल्यापासून दोन-दोन रविवार मोजायचे, या विचारानंच दमायला झालं.

"नको. ठरलंय तसंच."

"मग रविवारी करणार काय?"

"झोपणार."

पहिल्या रविवारी साडेदहापर्यंत झोपलो. जाग आली तेव्हा आई कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघत होती.