मामंजींचे दुसरे अस्वल

हे लिहिण्याचा अधिकार माझा आहे का, याविषयी मी स्वतःच साशंक आहे. तेव्हा वाचकांनी आधीच मला क्षमा करावी. संस्कृत घेऊन एम.ए. झाले, पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले, दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल खुणा केल्या, पण साठी उलटली तरी स्वतःचे असे एक पान कधी लिहिले नाही. शिकारीतले तर मला काहीच कळत नाही. बंदूक कधी हातात धरलेली नाही, आणि अस्वल पाहिले तेही पिंजऱ्याच्या या बाजूने. तरीही लिहिते आहे, कारण माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, ते गेल्या महिन्यात गेले आणि त्यांच्यामागे त्यांच्याविषयी जे बोलले जाते आहे, ते त्यांना आवडले नसते. हा माझा नुसता तर्क नाही. त्यांनी तसे मला सांगितले होते.

दुपारचा चहा घेऊन मी खोलीत गेले होते. कप ठेवायला जागा व्हावी म्हणून ते स्टुलावरचा हात नेहमी बाजूला घेत. त्या दिवशी हात तसाच राहिला… मी थोडा वेळ कप धरून उभी होते. नव्वदीला आलेला माणूस झोपेत गेला, याला लोक भाग्य म्हणतात, आणि ते खरेही असेल. मला मात्र त्या क्षणी फक्त थकवा जाणवला. तो आजही गेलेला नाही.

मग माणसे येऊ लागली. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात बैठकीच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे: तिशीही न गाठलेले मामंजी, खाकी कपडे, हातात बंदूक, पायाशी मेलेले अस्वल. चेहरा गंभीर. भेटायला येणारा प्रत्येक जण हार घातलेल्या नव्या फोटोला नमस्कार करी आणि मग या जुन्या फोटोकडे वळे. "एकटा माणूस, एक गोळी, आणि समोर नरभक्षक अस्वल!" मामंजींच्या खात्यातले एक निवृत्त गृहस्थ हात उंचावून सांगत होते. अस्वल माणूस खात नाही, असे मामंजी अशा वेळी शांतपणे सांगत. आता ते सांगणारे कोणी उरले नव्हते. दहाव्यापर्यंत अस्वल बरेच मोठे झाले होते. तेराव्याला त्याने दोन माणसे मारली होती. मी चहा भरत होते आणि ऐकत होते.

माझे यजमान सुहास तो फोटो पाहत लहानाचे मोठे झाले. शाळेत त्यांना 'अस्वलवाल्याचा मुलगा' म्हणत आणि त्या नावाचा त्यांना अजूनही अभिमान आहे. पाहुणे पांगल्यावर तेच मला म्हणाले, "तू लिही ना बाबांच्या शिकारीवर. तुझं मराठी चांगलं आहे. कुठल्यातरी पुरवणीत येईल." मी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. सुहासना जी गोष्ट छापून यायला हवी होती ती मला माहीत होती. आणि ती तशी नव्हती, हेही मला माहीत होते.

मला ते कळले ते गेल्या हिवाळ्यात. सुहासच्या चुलत बहिणीचा मुलगा निनाद परदेशातून आला होता. तिकडे अस्वलांची शिकार परवाना काढून, पैसे भरून करता येते, हे तो मोबाइलवर चित्रफिती दाखवत मामंजींना समजावत होता. जंगलात पिंपात गोड खाद्य भरून ठेवायचे, झाडावर मचाण बांधायचे, पिंपासमोर कॅमेरा लावायचा, आणि अस्वल खायला लागले की वरून गोळी. मामंजींनी चष्मा पुसून दोन-तीन चित्रफिती पाहिल्या.

"जेवायला बोलावून मारतात?" ते म्हणाले.

"आजोबा, लीगल आहे सगळं. सक्सेस रेट एकदम हाय. तुमचा किती होता?"

"एक."

"म्हणजे हा फोटोतला."

"नाही रे, दुसरा. तो मी मारलाच नाही."

निनाद मोठ्याने हसला. आजोबांचे डोके आता चालत नाही, अशा अर्थाने त्याने माझ्याकडे पाहिले. मामंजींनी ते पाहिले आणि मला म्हणाले, "याला लाडू द्या, सूनबाई. पण पिंपात नका घालू." निनाद लाडू खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना मऊ भात भरवताना मी विचारले, दुसरे अस्वल कुठले? ते पुढचे काही दिवस, एकेका घासागणिक, थांबत थांबत सांगत राहिले. मी इथे सलग लिहिते आहे. ते तसे सलग नव्हते.

मामंजी तेव्हा बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होते. सुरगाण्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून डोंगरातून एक रस्ता काढायचा होता आणि त्यांचा मुक्काम तिथल्या एका पाड्याजवळ होता. शिकारीवर बंदी आणणारा कायदा तेव्हा यायचा होता. त्यांच्याकडे बंदूक होती आणि परवाना होता. चैत्र सुरू झाला की मोहाची फुले पहाटेच गळून खाली सडा पडतो. ती वेचून वाळवायची, वर्षभर त्यावर घर चालवायचे. पाड्याचा जुना रिवाज असा की उजाडेपर्यंत झाडाखाली जायचे नाही. अंधारातला मोह अस्वलाचा, उजेडातला माणसाचा. पण त्या वर्षी फूल कमी होते, शेजारच्या पाड्यातल्या बाया लवकर येऊन झाड साफ करून जात, म्हणून इकडच्या बाया त्यांच्याही आधी निघू लागल्या; मग त्या आणखी आधी… अशा रीतीने चढाओढीत दोन्ही पाडे अंधारात शिरले. आणि एका पहाटे मंगळीबाई नावाच्या बाईला अस्वलाने धरले. तिच्या हातात विळा होता. तिने तो चालवला, अस्वलाचा डावा कान चिरला, म्हणून ती वाचली. एक गाल मात्र गेला.

गावचा पोलीस पाटील काशिराम मामंजींचा दोस्त होता. तो येऊन म्हणाला, "साहेब, तुमची बंदूक काय फक्त भिंतीला टेकवून ठेवायची आहा?" मामंजी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, नाल्याच्या वरच्या अंगाला झुडपात काळे काहीतरी हलले आणि त्यांनी गोळी झाडली. अस्वल जखमी होऊन पळाले. सगळे म्हणाले, सोडा साहेब, आपोआप मरेल. पण जखमी जनावर मागे टाकून घरी यायचे नाही, हा त्यांचा नियम. सकाळी ते पुन्हा निघाले, रक्ताच्या मागाने दिवसभर फिरले, आणि उन्हे कलताना कपारीत ते जनावर गाठून त्याला संपवले. लोक ज्याला शौर्य म्हणतात ते हेच. मामंजी म्हणाले, "ते धाडस नव्हतं हो. अर्धवट टाकलेलं काम पुरं करणं होतं. आदल्या संध्याकाळी नीट दिसत नसताना मी गोळी घालायलाच नको होती."

मग त्यांनी वाकून पाहिले. दोन्ही कान शाबूत होते.

इथे त्यांनी घास नको म्हणून हाताने खूण केली आणि म्हणाले, "माणसं ढोल घेऊन आली होती. पावरी वाजत होती. सर्वेअरने कॅमेरा आणला होता. तो फोटो बघा कधी नीट. लोकांना वाटतं मी रुबाबात उभा आहे…"

त्या रात्रीच्या जेवणावळीत त्यांनी उभे राहून सांगितले की हे ते अस्वल नव्हे. कोणी ऐकले नाही. मोठ्या माणसाने नम्रपणे बोलायचे असते, तसे साहेब बोलत आहेत, असे सगळ्यांना वाटले. "साहेब, बस करा लाजणं," म्हणून काशिरामने त्यांना हात धरून खाली बसवले. आणि बाया एकमेकींना सांगू लागल्या, आता भीती नाय, उद्या लवकर निघू. तेव्हा मामंजींना खरी धास्ती वाटली. जनावर मेल्याने पाडा सुरक्षित झाला नव्हता. उलट निर्धास्त झाला होता.

दुसऱ्या पहाटे ते बंदूक आणि सोबत काशिरामला घेऊन मोहांच्या वाटेवर जाऊन बसले. बाया आल्या. मामंजींनी वाट अडवली. एक म्हातारी कंबरेवर टोपली ठेवून म्हणाली, "काय साहेब, आता अस्वलाची नोकरी धरली का?" बाकीच्या हसल्या. ते हलले नाहीत. थोड्या वेळाने वरच्या अंगाला झाडाखाली सालीवर नखे घासल्याचा आवाज आला, आणि फुले ओढून घेतानाचा तो फुरफुराट. हसणे थांबले. फटफटू लागले तसे अस्वल निघाले आणि उघड्यावरून चालत गेले. डावा कान दुभंगलेला. अगदी टप्प्यात. काशिराम मागून कुजबुजला, "मारा ना साहेब, तोच आहा!" मामंजींनी बंदूक उचलली नाही. म्हातारी तेवढ्यातही म्हणाली, "मग काल मारला तो कुणाचा पाव्हणा होता?"

का नाही मारले, असे मी विचारले. ते म्हणाले, "हे मारलं असतं तर तिसरं आलं असतं. मोह तोच, अंधार तोच. एका झाडाखाली दोघं भुकेले अंधारात आले की कोणाला तरी लागणारच. आणि सूनबाई, ते अस्वल रिवाज पाळत होतं. मोडला होता आम्ही."

फुले संपेपर्यंत ते रोज पहाटे त्या वाटेवर बसले. काशिरामला त्यांनी शेजारच्या पाड्याच्या वाटेवर बसवले, नाहीतर इकडच्या बाया ऐकत्या ना. रस्त्याच्या कामावर उशिरा पोहोचल्याबद्दल वरिष्ठांचा ठपका आला, तो सोसला. त्या हंगामात पुन्हा कोणाला इजा झाली नाही. "ती माझी शिकार," मामंजी म्हणाले. "फोटोतली नव्हे. पण तिचा फोटो कसा निघणार?"

मग तुम्ही कधी सांगितले का नाही, यावर ते म्हणाले, "सांगितलं की. पहिल्या दिवशीच. नंतर जिथे जिथे सांगितलं, तिथे लोकांनी पहिली गोष्टच ऐकली. सुहास लहान होता, फोटोखाली उभा राहून मित्रांना दाखवायचा… त्याला काय सांगणार होतो? तुम्ही सांगा कधीतरी. तुम्हाला नेमकं बोलता येतं." मला नेमके बोलता येते, असे माझ्याविषयी दुसऱ्या कोणी म्हटलेले नाही.

आमच्या कॉलनीत पहाटे अंधारात लोक परड्या घेऊन फिरतात आणि दुसऱ्यांच्या कुंपणातली फुले पूजेसाठी तोडतात. मामंजी वर्षानुवर्षे त्या वेळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. कोणी फाटकाशी आले की म्हणत, "घ्या ना, आपलीच आहेत. फक्त उजाडू द्या." झोप लागत नाही म्हणून बसतात, अशी माझी समजूत होती. मी त्यांना गरम टोपी नेऊन देत असे आणि मनातून थोडी वैतागत असे. खुर्ची अजून तिथेच आहे. सकाळी मी बाहेर येते तेव्हा तगरीवर एकही फूल नसते.

इथपर्यंतचा लेख मी धाडण्यापूर्वी सुहासना वाचायला दिला. ते जेवणाच्या टेबलाशी बसून वाचत होते. मी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून उगाच भांडी पुसत होते. वाचून झाल्यावर ते उठून बैठकीत गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"म्हणजे मी इतकी वर्षं सगळ्यांना बाबांची चूक दाखवत होतो?"

"चूक ओळखतानाचा त्यांचा चेहरा दाखवत होतात," मी म्हणाले. ते खरे होते, पण पुरेसे नव्हते, हे मला बोलतानाच कळले.

"मग ते पहिलं अस्वल फुकटच गेलं," ते म्हणाले. "ते कोणाच्या अध्यात नव्हतं ना मध्यात. बाबांनी नंतर कितीही चांगलं केलं, तरी त्याचं काय?"

लेख छापू नये, असे ते म्हणाले नाहीत. छापावा, असेही म्हणाले नाहीत. उत्तराची वाट पाहत उभे राहिले. आणि मामंजींनी माझ्या ज्या नेमकेपणावर भरवसा ठेवला होता, तो मला सापडला नाही. म्हणून तुम्हालाच विचारते. त्या पहिल्या अस्वलाचे काय, असे त्यांच्या मुलाने तुम्हाला विचारले असते, तर तुम्ही काय सांगितले असते?