निळ्या खाचेतली वायर

आमच्या दादाचा हवेवर विश्वास नाही. श्वास घेतो, तेवढं सोडलं तर बाकी जे काही इथून तिथे जायचं ते तारेतूनच गेलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत. जन्मभर टेलिफोन खात्यात लाइनमन होता. निवृत्तीनंतर खांबावर चढणं सुटलं, पण तारा काही सुटल्या नाहीत. घरभर भिंतीच्या कडेने त्याने वायर फिरवलेली आहे. माझा तिच्यात हटकून पाय अडकतो आणि तो मलाच म्हणतो, "बघून चालत जा."

मी त्याची धाकटी बहीण. शेजारीच राहते, कपडे शिवते आणि मला पटकन राग येतो. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी त्याला चार शब्द सुनावले तर तुम्हाला नवल वाटायला नको.

वहिनी त्याच खात्यातली, ऑपरेटर. दादा खांबावरून लाइन तपासायला फोन लावायचा आणि एक्सचेंजमधून ती म्हणायची, "ऐकू येतंय. लाइन ठीक आहे." एवढ्यावर दोघांचं जमलं. तिची ड्यूटी असली की दादाला ठणठणीत लाइनीसुद्धा पुन्हा पुन्हा तपासाव्याशा वाटायच्या, तेव्हा त्याच्या साहेबांना काय ते कळलं. आमच्या घरी मात्र कुणालाच पत्ता नव्हता.

वहिनीला गाण्यांचं भारी वेड. तिच्या सगळ्या कॅसेटी दादाने एकेक करून कॉम्प्युटरवर चढवल्या. हा कॉम्प्युटर त्याच्या कामाच्या खोलीत असतो, आणि तिथून बाहेरच्या खोलीतल्या दोन मोठ्या स्पीकरपर्यंत अर्थातच वायर. दुपारचा चहा झाला की वहिनी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि दादा गाणी लावायचा. ती फर्माईश करणार, तो मुद्दाम भलतंच लावणार, ती रागावणार. आम्हाला घड्याळ बघावं लागायचं नाही.

मग ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. घरी आणून तिला स्वयंपाकघराच्या पलीकडच्या मागच्या खोलीत ठेवलं, कारण न्हाणीघर तिथून जवळ. व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी एकदा दादाला आणि मला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, "हाड जुळतंय, काळजी नाही. पण यांनी आता उठून चालायला हवं. हे दिवस हातचे गेले की पाय आखडतील, आणि मग कायमचा पलंग."

आणि वहिनी तर भिंतीकडे तोंड करून पडलेली. उठ म्हटलं की "उद्या बघू". वॉकर पलंगाशेजारी उभा, आणि त्यावर माझ्या वहिनीचा टॉवेल वाळत घातलेला. ही बाई एके काळी सगळ्या ऑफिसला हसवायची. मला तो टॉवेल बघवेना.

दादा म्हणाला, "गाण्यावाचून तिचा जीव रमत नाहीये. गाणी तिच्या खोलीत न्यायला हवीत."

मलाही ते पटलं. बाहेरच्या स्पीकरचा आवाज मागे पोचायचा नाही, आणि मोठा केला तर शेजारी येऊन उभे राहणार, म्हणजे मीच. मागच्या खोलीत नवी वायर न्यायची तर भिंतीला ड्रिल मारावं लागणार, आणि वहिनीच्या उशाशी तो घरघराट नको. म्हणून त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, दूरच्या शहरातून एक बिनवायरीचा स्पीकर पाठवला. दादाने तो हातात घेऊन चहूबाजूंनी बघितला. "वायर कुठेय?" म्हणाला. मी म्हटलं, "नाहीये, म्हणून तर पाठवलाय."

स्पीकर वहिनीच्या खोलीत ठेवला. तिथल्या वाय-फायवर तो लगेच जोडला गेला, दिवाही लागला. आणि गाणं काही लागेना. कॉम्प्युटरवर गाणी दिसत होती, पण स्पीकर दिसत नव्हता. मोबाइलवर स्पीकर दिसत होता, पण गाणी दिसत नव्हती. दादाने भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, बंद करून चालू केलंत का?" दादाने सगळं बंद करून चालू केलं. फ्रिजसुद्धा. काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पद्धतीने कामाला लागला. त्याच्या खात्यात एक रीत होती. बिघाड कळेना, की एक माणूस या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मधला एकेक टप्पा तपासत जायचं. त्या टोकाला मी. "लागलं का?" असं तो बाहेरून ओरडणार, "नाही" असं मी आतून ओरडणार. माझं एक पोलकं त्या दिवशी पुरं व्हायचं होतं, ते राहिलं. शेवटी मी म्हटलं, "दादा, माझा घसा बसला, तुझं डोकं कधी चालणार?"

वहिनी भिंतीकडे बघतच म्हणाली, "त्यांना नंबर बघायला सांगा."

नंबर म्हणजे, या जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एकेक नंबर मिळालेला असतो. दादाने चष्मा लावून कॉम्प्युटरचा नंबर बघितला, मोबाइलवर स्पीकरचा बघितला, आणि मटकन स्टुलावर बसला. दोन्ही नंबरांची सुरुवातच वेगळी होती.

"एक्सचेंजच वेगळी आहेत गं," म्हणाला. "हे दोघं एकमेकांच्या गावातच राहत नाहीत."

झालं होतं ते असं. घरात नेटचा मुख्य डबा पुढे, कामाच्या खोलीत. त्याचं वाय-फाय मागे पोचत नाही म्हणून भाचीने मागच्या सुट्टीत स्वयंपाकघरात दुसरा डबा बसवला होता. पुढच्या डब्यापासून त्यापर्यंत वायर टाकली ती दादाने, आणि डब्यात खोचलीही त्यानेच. त्या डब्याला चार पिवळ्या खाचा होत्या आणि कडेला एक निळी, वेगळी. बाहेरून येणारी लाइन कायम वेगळ्या जागी जोडायची, ही दादाच्या हाताची जन्माची सवय. त्याने बिनदिक्कत निळीत खोचली. त्यामुळे तो डबा स्वतःला मालक समजून आपले वेगळे नंबर वाटत बसला. तारेतली माणसं एका घरात, हवेतली दुसऱ्या.

"चूक माझीच," दादा म्हणाला. हे वाक्य मी त्याच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही, म्हणून नोंदवून ठेवते.

मग भाची फोनवरून सांगत गेली तसं त्याने मागच्या डब्याचं नंबर वाटणं बंद केलं, आणि वायर निळ्या खाचेतून काढून पिवळ्या खाचेत घातली. कॉम्प्युटरवर स्पीकरचं नाव उमटलं. त्याने बटण दाबलं, आणि मागच्या खोलीत वहिनीचं आवडतं गाणं सुरू झालं. तिने भिंतीकडचं तोंड वळवलं. हसली. मी शिवणकाम, राग, सगळं विसरले.

त्यानंतर रोज दुपारी गाणी. वहिनी पडल्या पडल्या ताल धरायची, आतून फर्माईश करायची, जेवायचीसुद्धा दोन घास जास्त. आम्ही खूश. व्यायामाच्या बाई मात्र खूश नव्हत्या. "उठल्या का?" विचारायच्या. वहिनी म्हणाली, "आता कशाला उठू? सगळं इथेच येतंय की." आणि मजेत हसली.

दादा दारातच उभा होता. तो नाही हसला.

त्या दिवशी दुपारी ऐन रंगात आलेलं गाणं आत बंद पडलं. मी स्वयंपाकघरात होते, त्यामुळे मी डोळ्यांनी पाहिलं. दादाने पिवळ्या खाचेतली वायर काढली आणि शांतपणे निळीत घातली.

माझा असा संताप झाला. "डोकं फिरलंय का तुझं?" मी दबक्या आवाजात म्हटलं. "इतक्या दिवसांनी हसायला लागली ती. तिच्या तोंडचा घास काढतोयस तू."

"तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. कामाच्या खोलीत जाऊन त्याने बाहेरच्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावलं, अगदी हळू. मागे नुसती कुणकुण जाईल, शब्द कळणार नाहीत, एवढंच. आणि बाहेर खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर येऊन बसला. मीही तणतणत त्याच्या मागे गेले.

आतून हाक आली. "अहो, बंद पडलं."

"बिघाड झालाय," दादा बसल्या जागेवरून म्हणाला.

"मग बघा ना."

"बघतोय."

तो काहीच बघत नव्हता. गाणं संपलं, दुसरं लागलं. ते त्याने मुद्दाम भलतंच लावलं होतं, तिला मुळीच न आवडणारं. मागच्या खोलीत पलंग करकरला. मग काहीच नाही. मी आत धावणार होते, पण दादाने माझा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तेव्हा त्याचा राग आला नाही.

मग फरशीवर वॉकरचं खट्‌ ऐकू आलं. बराच वेळ गेला. पुन्हा खट्‌. व्यायामाच्या बाई सांगायच्या तसं, आधी वॉकर, मग पाय.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. घामाघूम, केस विस्कटलेले, टॉवेल अजून वॉकरवर. आधी तिने दम घेतला.

"बिघाड म्हणे," ती म्हणाली. "अहो, लाइन बिघडते तेव्हा आवाज आधी अडखळतो. हे एकदम गेलं. म्हणजे कुणीतरी काढली. जन्म गेला माझा लाइनवर, मला शिकवता?"

"मग कळलं होतं तर उठलीस कशाला?"

"भांडायला. तुम्ही काही आत येणार नव्हता."

दादा उठला, तिला खुर्चीपर्यंत आणलं. ती बसली, पाय लांब केले, आणि म्हणाली, "हे रडगाणं बदला आधी." त्याने जाऊन बदललं आणि परत येऊन खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले आणि मग चहा ठेवला.

ती आता रोज दुपारी स्वतः बाहेर येते. वॉकर सुटला, काठी आली. परवा भाची सुट्टीला आली, तिने स्वयंपाकघरातला डबा बघितला आणि म्हणाली, "आत्या, ही वायर परत चुकीच्या खाचेत आहे. घालू का नीट?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस."