उष्टं केळं

इस्त्रीवाल्या काकूंच्या तोंडाला सगळी गल्ली टरकून असायची. शर्टाचं बटण तुटल्याची तक्रार घेऊन आलेला माणूस उलट माफी मागून परत जायचा. अशा तिखट बाईचा जीव जडला होता शेजारच्या बागेतल्या माकडांवर. माकडं कसली, कुणीतरी हौसेने परदेशातून आणून बागेत सोडलेली, मुठीत मावतील एवढाली ती, कानांवर पांढरे झुपके. दुपारी काकू इस्त्री बाजूला उभी करून केळं सोलायच्या, की कुंपणावरून सगळं लटांबर टेबलावर उतरायचं.

त्यातली एक दांडगी. अख्खं केळं पळवायची आणि दूर जाऊन एकटीच खायची. काकू तिला मनसोक्त शिव्या घालायच्या. बाकीच्यांच्या पोटात काही जावं म्हणून त्या तुकडे दातांनी तोडून वाटायच्या. त्यातलं शेंडी नावाचं पिल्लू तर आईविना पोर. तिचा घास तोंडात घोळवून मऊ करायच्या आणि बोटावर भरवायच्या. सून नाक मुरडायची. तुझा नवरा असाच वाढलाय, त्याला काय धाड भरली, असं काकू तिला सुनावायच्या.

मग एकदा काकूंना कणकण आली आणि ताप ओठावर फुटला, बारीक पाणेरी फोड आले. तो अधूनमधून फुटायचाच. त्यासाठी काम सोडून घरी कोण बसतंय?

थोड्याच दिवसांत शेंडीच्या तोंडातून लाळ गळायला लागली. जिभेवर फोड, अंगाला झटके. काकूंच्या मांडीवरच ती गेली. पाठोपाठ बाकीचीही एकेक करून जायला लागली. समोरच्या इमारतीचा रखवालदार गाड्या घाण होतात म्हणून माकडांच्या नावाने नेहमी बोटं मोडायचा. काकूंनी भर गल्लीत त्याची गचांडी धरली, त्याला खुनी म्हटलं, आणि विष सिद्ध करायला शेंडीला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन दिलं.

तपासणी झाल्यावर बाई स्वतः आल्या. विष नव्हतं. त्यांनी शेंडीला कोण, कसं भरवायचं ते विचारलं. काकूंनी सगळं सांगितलं. बाई त्यांच्या ओठाकडे बघत राहिल्या.

"काकू, ही खपली कसली?"

"ताप फुटला होता. होतं असं."

"आपल्याला येतो आणि जातो. त्यांचा जीव घेतो."

ओठ बरा झाला तरी तो विषाणू जन्मभर अंगात राहतो, कधीही पुन्हा बाहेर पडतो, तेव्हा आता यांना हाताने काही देऊ नका, असंही त्या म्हणाल्या. संध्याकाळी त्या रखवालदाराकडे गेल्या. तो नुसतं "जाऊ द्या, काकू" म्हणाला, आणि ते त्यांना फार लागलं. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दांडगी आली. एकटीच उरली होती. आता तिच्याशी भांडायला कुणी नव्हतं. टेबलाच्या कडेला गुपचूप बसून तिने हात पुढे केला.

काकूंनी कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली उचलून तिच्या तोंडावर फवारा मारला. ती मागे सरली, पुन्हा बसली.

"माझ्या हातचं खाऊ नकोस गं," काकू म्हणाल्या, आणि मगभर पाणी तिच्या अंगावर फेकलं. दांडगी किंचाळत कुंपणावर चढली. काकू ओल्या टेबलाशी उभ्या राहून ढसाढसा रडल्या.

पुढच्या दुपारी ती पुन्हा उतरली. काकूंनी पाण्याचा मग आधीच भरून ठेवला होता.